तासाला खेळ: नागपुरातल्या प्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमिफिकेशनबद्दलची, म्हणजे शिकवताना खेळाची तत्त्वं वापरण्याबद्दलची ही प्रश्नोत्तरे पदवीचे आणि पदव्युत्तर वर्ग घेणाऱ्यांसाठी आहेत. पटावर १२०, प्रत्यक्ष तासाला ६०-७०, बाक जमिनीला ठोकलेले, प्रोजेक्टर आहे पण त्याची वायर दुसऱ्या विभागात गेलेली, आणि तास ४८ मिनिटांचा, असा वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. तुमच्याकडे याहून बरी सोय असेल तर उत्तमच.

गेमिफिकेशन म्हणजे वर्गात खेळ खेळायचे का?

नाही. सेबॅस्टियन डेटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली व्याख्या आजही सर्वाधिक वापरली जाते: खेळाच्या रचनेतले घटक खेळ नसलेल्या ठिकाणी वापरणे. यातला ‘रचना’ हा शब्द बहुतेक जण विसरतात आणि थेट पॉइंट, बॅज, क्रमवारी यांवर उडी मारतात.

गिल्ली-दांडू खेळणारी पोरं उन्हातान्हात तीन-तीन तास का टिकतात ते बघा. डाव गेला तरी पुढचा डाव मिळतो. गिल्ली झेलली गेली की नाही ते त्याच क्षणी कळतं. नियम सगळ्यांना ठाऊक असतात आणि भांडण नियमावरून होतं, पंचाच्या मर्जीवरून होत नाही. आता आपली परीक्षा बघा. डाव एकच, निकाल काही महिन्यांनी, आणि मार्क कशाचे कापले हे बहुतेकदा कळतच नाही. म्हणून वर्गात आणायच्या गोष्टी तीन: चूक स्वस्त करा, निकाल तत्काळ द्या, पुढची पायरी दिसू द्या. पॉइंट हे फक्त या तिन्हींची नोंद ठेवायचं साधन आहे. ते सगळ्यांत शेवटी आणायचे.

या पानावर ‘पॉइंट’ म्हणजे खेळातले आणि ‘मार्क’ म्हणजे गुणपत्रिकेत जाणारे. वर्गातही हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

पहिल्यांदा काय करून बघावं? पैसे, अ‍ॅप, इंटरनेट काहीच नाही असं धरा.

बोटांचं मतदान. फळ्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न लिहा. विद्यार्थी एक ते चार बोटं छातीसमोर धरतात, हात वर करायचा नाही. हात वर गेला की मागचे बघून बोटं बदलतात. छातीसमोरची बोटं फक्त तुम्हाला दिसतात.

एक फेरी साधारण १५ मिनिटांची: ८ मिनिटं शिकवणं, १ मिनिट विचार आणि पहिलं मत, २ मिनिटं शेजाऱ्याशी वाद, १ मिनिट दुसरं मत, ३ मिनिटं उलगडा. ४८ मिनिटांत अशा तीन फेऱ्या बसतात आणि हजेरीला तीन मिनिटं उरतात. वाद घालायच्या आधी बरोबर उत्तर सांगायचं नाही, हा यातला एकमेव कडक नियम. ही मूळ पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरायला सुरुवात केली. त्यांचा ठोकताळा असा: पहिल्या मतात बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा नको, मुद्दा पुन्हा शिकवा, ३० ते ७० असतील तर चर्चेला सोडा, ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे चला.

खेळाचा रंग द्यायचा तर ‘वर्ग विरुद्ध प्रश्न’ असा सामना लावा. विद्यार्थी एकमेकांविरुद्ध नाहीत, सगळा वर्ग एका बाजूला. इथे एक खड्डा आहे. ‘दुसऱ्या मतात जितकी सुधारणा तितके पॉइंट’ असा नियम केला, तर तिसऱ्या आठवड्यापासून पोट्टे पहिल्या मतात मुद्दाम चुकीची बोटं दाखवतात. त्यापेक्षा नियम साधा ठेवा: दुसऱ्या मतात ७० टक्क्यांहून जास्त बरोबर आले तर वर्गाला एक पॉइंट, नाहीतर प्रश्नाला एक.

खरं कष्टाचं काम म्हणजे चुकीचे पर्याय लिहिणं. ते मनाने बनवू नका. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा, विद्यार्थी खरोखर ज्या चुका करतात त्याच पर्यायांत घाला. कोणीच निवडत नाही असा पर्याय फळ्यावरची जागा फुकट अडवतो.

पॉइंटचे मार्क करावेत का? अंतर्गत मूल्यमापनात कसे बसवायचे?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट, अंतर्गत मार्कांचं वाटप तुमच्या अभ्यासक्रमाच्या निर्देशात ठरलेलं असतं. लेखी ८० आणि अंतर्गत २० असेल, तर त्या २० मधले ‘वर्गातील सहभाग’ किंवा ‘उपक्रम’ या नावाचे जेवढे मार्क असतील तेवढ्यांनाच हात लावा. चाचणी किंवा असाइनमेंटचे मार्क परस्पर खेळाकडे वळवू नका. कोणी तक्रार केली तर बचाव करता येणार नाही.

दुसरी गोष्ट, मार्क क्रमांकावर देऊ नका, उंबरठ्यावर द्या. ‘पहिल्या दहांना पाचपैकी पाच’ असं केलं की एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, आणि नोट्स लपवणं त्याच दिवशी सुरू होतं. ‘८०० पॉइंट झाले की पाचपैकी पाच, मग ते कितीही जणांचे होवोत’ असं ठेवलं की एकमेकांना शिकवण्यात कोणाचंच जात नाही.

१५ आठवड्यांच्या सत्राचा एक चालणारा हिशेब:

- तासापूर्वीची छोटी प्रश्नावली: आठवड्याला २० पॉइंट
- तासातलं गटाचं कोडं: आठवड्याला ३०
- स्वतःची चूक शोधून, कारणासह दुरुस्त करून देणं: आठवड्याला १०
- सत्रात दोन मोठ्या मोहिमा: प्रत्येकी १५०

आठवड्याचे ६० प्रमाणे १५ आठवड्यांचे ९००, मोहिमांचे ३००, एकूण १२००. उंबरठा ८००. म्हणजे काटोल, उमरेड किंवा सावनेरहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थिनीचे चार आठवडे बुडाले तरी २४० जाऊन ९६० हाताशी राहतात. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. एकूण १००० आणि उंबरठा ९०० असं आवळून बांधलं की दोन आजारपणांत माणूस खेळाबाहेर जातो आणि बाहेर गेलेला माणूस परत येत नाही.

दुरुस्तीचे दहा पॉइंट कमी दिसतात, पण पूर्ण हिशेबातली सर्वांत मोलाची ओळ तीच. ‘मी असं समजलो होतो, ते चुकीचं कारण…’ अशी दोन वाक्यं पुरे. नुसतं बरोबर उत्तर उतरवलं तर शून्य.

पॉइंट कधीही कापायचे नाहीत. सगळे शून्यापासून सुरू करतात आणि वरच चढतात. अमेरिकेत ली शेल्डन यांनी इंडियाना विद्यापीठातल्या आपल्या वर्गात असाच हिशेब ठेवला होता. गणित तेच असलं तरी ‘१०० पैकी १२ गेले’ आणि ‘८८ मिळवले’ यांत विद्यार्थ्याला मोठा फरक वाटतो. उशिरा येणं, बडबड, मोबाइल यांची शिक्षा पॉइंटमधून करू लागलात की खेळ संपला. मग ते दुसरं हजेरीपुस्तक होतं.

क्रमवारीचा तक्ता लावावा का?

पूर्ण वर्गाचा, नावानिशी, भिंतीवर: नको.

वरचे पाच जण तसेही अभ्यास करणार असतात. मधल्यांना आपण ३१ वे की ३४ वे याने काही फरक पडत नाही. आणि तळातल्यांना दर आठवड्याला चारचौघांत तळ दाखवला जातो. मायकल हॅनस आणि जेसी फॉक्स यांचा २०१५ चा अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. त्यांनी एकाच विषयाचे दोन वर्ग १६ आठवडे तपासले. एकात बॅज आणि क्रमवारी, दुसऱ्यात नाही. बॅज-क्रमवारीच्या वर्गाची प्रेरणा आणि समाधान काळाबरोबर घटलं, आणि अंतिम परीक्षेतले मार्कही दुसऱ्या वर्गापेक्षा कमी आले. म्हणजे तक्ता निरुपद्रवी सजावट नाही.

लावायचाच असेल तर गटांचा लावा, दर तीन आठवड्यांनी कोरा करा, आणि फक्त वरचे तीन दाखवा. प्रत्येकाला स्वतःचा आकडा आणि उंबरठ्याचं अंतर स्वतंत्रपणे कळलं म्हणजे झालं. एक्सेलची पूर्ण शीट वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं ही क्रमवारी लावण्याचीच आळशी तऱ्हा आहे.

चॉकलेट, पेन, प्रमाणपत्र अशी बक्षिसं?

आधी जाहीर केलेलं बक्षीस धोक्याचं, न सांगता दिलेलं बरंचसं निरुपद्रवी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळालेल्यांत ही घट दिसली नाही. वीस वर्षांच्या मुलांना हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण ज्या विषयाची गोडी आधीच आहे तिथे लाच कशाला, एवढा बोध पुरतो. कंटाळवाण्या पाठांतराला मात्र छोटं बक्षीस चालून जातं.

कोणतं अ‍ॅप घ्यावं?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याचं महत्त्व सर्वांत कमी आहे. काहूट, मेंटीमीटर, क्विझिझ (नवं नाव वेग्राउंड) या फोनवरून प्रश्नमंजुषा घेणाऱ्या अ‍ॅपमधलं हाताला बसेल ते घ्या. मोफत योजनेत किती विद्यार्थी चालतात हे या कंपन्या बदलत राहतात, म्हणून सत्र सुरू व्हायच्या आठवड्यातच तपासा.

काहूटबद्दल एक गोष्ट माहीत हवी. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तराला १००० पर्यंत पॉइंट असतात, पण वेळ जाईल तसे ते घटतात. ३० सेकंदांच्या प्रश्नाला झटकन उत्तर दिलं तर जवळपास १०००, पंधराव्या सेकंदाला ७५०, शेवटच्या क्षणी साधारण ५००. म्हणजे विचार करून दिलेल्या बरोबर उत्तराची किंमत अर्धी. व्याख्या, सूत्रं, सनावळ्या यांच्या उजळणीला हे चालतं. जिथे कागदावर आकडेमोड आहे किंवा इंग्रजी प्रश्न मनात मराठी-हिंदीत वळवून समजून घ्यावा लागतो, तिथे हा घड्याळाचा खेळ अन्यायाचा ठरतो. तिथे वेळ भरपूर द्या, किंवा ज्याच्या-त्याच्या गतीने सोडवायचा पर्याय निवडा.

आणि ६० मोबाइल एकाच वर्गातल्या वाय-फायवर एकदम जोडू नका. साधा राउटर एवढ्यांना पुरत नाही आणि पहिली दहा मिनिटं ‘सर, होऊन नाही राहिलं’ ऐकण्यात जातात. ज्यांच्याकडे डेटा आहे त्यांना तोच वापरू द्या आणि दोघांत किंवा तिघांत एक फोन ठेवा. वीज गेली तर काय, याचं उत्तर वर दिलंच आहे: बोटं.

विद्यार्थ्यांकडे फोन नसतील पण प्रत्येकाच्या उत्तराची नोंद हवी असेल तर?

प्लिकर्स. प्रत्येक विद्यार्थ्याला चौकोनी नक्षीचं एक छापील कार्ड, त्याच्या चार बाजूंवर ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर धरायची. तुमच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते नोंदलं जातं. एका संचात ४० किंवा ६३ कार्डं येतात, त्यामुळे ६३ हून मोठ्या वर्गात दोघांत एक कार्ड द्या.

कार्डं झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत लॅमिनेट करून घेऊ नका. खिडकीचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. जाड मॅट कागद उत्तम. नक्षीवर बोटं येऊ देऊ नका, कार्ड कडेला धरायला सांगा. शेवटच्या बाकावरची कार्डं फोनला सापडली नाहीत तर दोन पावलं पुढे जा, झूम करत बसू नका.

‘एस्केप रूम’ वर्गात कशी बसवायची?

एस्केप रूम म्हणजे एकेक कोडं सोडवत, कुलपं उघडत बाहेर पडायचा खेळ. कुलपं-पेट्या विकत घ्यायची गरज नाही, गूगल फॉर्म पुरतो. प्रत्येक कोडं फॉर्मचा एक स्वतंत्र विभाग, आणि बरोबर संख्या टाकल्याशिवाय पुढचा विभाग उघडत नाही.

१. प्रश्नाचा प्रकार ‘शॉर्ट आन्सर’ निवडा आणि तो अनिवार्य करा. अनिवार्य करायचं विसरलात तर विद्यार्थी जागा कोरी सोडून सरळ पुढे जातात.
२. प्रश्नाच्या खालच्या तीन ठिपक्यांतून ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ सुरू करा.
३. ‘नंबर’ आणि ‘इक्वल टू’ निवडून उत्तराची संख्या भरा.
४. चुकीच्या उत्तरावर दिसणाऱ्या संदेशाच्या जागी ‘चूक’ असं लिहू नका, सूचना लिहा: ‘एकक तपासा, सेंटिमीटरचे मीटर केले का?’
५. पुढच्या कोड्यासाठी नवा विभाग जोडा. चार किंवा पाच कोडी पुरेत.

उत्तर संख्येतच ठेवा. मराठी शब्द ठेवला की ‘स्थिती’ आणि ‘स्थिति’ यांच्यात फॉर्म अडतो. एकच अक्षर दोन कीबोर्डवर वेगळ्या प्रकारे उमटतं, आणि उत्तर येऊनही गट अडकून बसतो. संख्यासुद्धा इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) टाकायची हे पहिल्याच ओळीत सांगा. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकणारा एक तरी गट निघतोच.

वेळेचा अंदाज: स्वतः सोडवायला लागलेल्या वेळेच्या तिप्पट धरा. तुम्ही १० मिनिटांत सोडवलंत तर वर्गाला ३० लागतील. उरलेल्या मिनिटांत प्रत्येक कोड्यामागचं तत्त्व फळ्यावर आलंच पाहिजे. कुलूप उघडल्याच्या आनंदात तत्त्व राहून जातं, आणि परीक्षेत कुलूप येत नाही.

एका तुकडीने उत्तरं दुसऱ्या तुकडीला पाठवली तर?

पाठवणारच. ‘ए’ तुकडीचा तास ११ ला संपला की ११.०५ ला उत्तरं ‘बी’च्या ग्रुपवर असतात. रागावून उपयोग नाही, कोडंच तसं बांधा. उदाहरणार्थ, दिलेल्या आकड्यात गटाचा क्रमांक मिसळायचा: मूळ भांडवल ४०,००० अधिक गट क्रमांक गुणिले १,०००. गट ३ चं भांडवल ४३,०००, गट ७ चं ४७,०००. रीत सारखीच, उत्तर प्रत्येकाचं वेगळं. सगळ्या गटांची उत्तरं एक्सेलच्या एका सूत्रात निघतात. अशा वेळी फॉर्मऐवजी तपासणीचा छापील तक्ता हातात ठेवणं सोपं पडतं. आता उत्तर पाठवून काही होत नाही. रीत पाठवावी लागते, आणि रीत समजावून सांगणं म्हणजे शिकवणंच की.

गट कसे पाडावेत?

पाचांचे, आणि तुम्ही पाडा. आपले आपण पाडले तर एका बसने येणारे, एका होस्टेलचे एकत्र बसतात आणि कोणाशीच ओळख नसलेले दोघे-तिघे उरतात. ठोकलेल्या बाकांवर पुढच्या बाकाचे दोघे मागे वळतात, मागच्या बाकाचे तिघे, झाला गट. लिहिणारा दर वेळी बदला. एकच जण सगळं सोडवतोय असं वाटलं तर गटातल्या कोणालाही, चिठ्ठी काढून, उत्तर समजावायला उठवा. त्याला सांगता आलं तरच गटाला पॉइंट. गट चार-पाच आठवड्यांनी बदलावेत.

विज्ञान-वाणिज्य ठीक आहे. इतिहास, राज्यशास्त्राला हे कसं लावायचं?

उलट इथेच ते सर्वांत चांगलं लागतं. भूमिका घेऊन खेळायचा इतिहास ही पद्धत न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात रुजवली. नागपुरात त्यासाठी विषय शोधायला लांब जायला नको: राज्य पुनर्रचना आयोगासमोरची साक्ष.

पार्श्वभूमी थोडक्यात. विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावं यासाठी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्या अशी आश्वासनं होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे दोन सदस्य. लोकनायक बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी हे स्वतंत्र विदर्भाच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, पण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर राजधानी राहिलं नाही.

६० विद्यार्थ्यांची वाटणी: आयोग ३, स्वतंत्र विदर्भवादी १५, संयुक्त महाराष्ट्रवादी १५, अजून न ठरलेले १८, वार्ताहर ६, टिपणकार ३. ‘न ठरलेले’ हाच खेळाचा कणा. त्यांत कापूस उत्पादक, सरकारी कारकून, वकील, गिरणी कामगार, विद्यार्थी अशा भूमिका द्या. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक गुप्त उद्दिष्ट असतं: वकिलाला खंडपीठाची हमी हवी, कारकुनाला बदली मुंबईला होऊ नये असं वाटतं. दोन्ही बाजूंना यांची मनं वळवायची आहेत, म्हणून सगळ्यांना वाचावं लागतं. डॉ. आंबेडकरांनी मराठी भाषकांची चार राज्यं सुचवली ती १९५५ च्या अखेरीस, म्हणजे अहवालानंतर, म्हणून तो मुद्दा शेवटच्या चर्चेसाठी ठेवा.

चार तास लागतात. पहिला चिठ्ठ्या आणि वाचनाचा, दुसरा-तिसरा साक्षींचा (एकाला ३ मिनिटं, आयोगाचे २ प्रश्न), चौथ्यात आयोगाचा निकाल आणि प्रत्यक्षात काय घडलं त्याची चर्चा. हा चौथा तास कापू नका. कापला तर विद्यार्थी वर्गात लागलेला निकालच इतिहास म्हणून लक्षात ठेवतात.

बिघडतं कुठे? दुसऱ्या तासाला वाद आजच्या राजकारणावर घसरतो. त्यावर एकच नियम: ३० सप्टेंबर १९५५ नंतरचं काहीही पुरावा म्हणून चालणार नाही, कोणी मिहान (नागपूरचा आजचा विमानतळ-उद्योग प्रकल्प) काढलं की आयोग त्याची साक्ष तिथेच थांबवतो. आणि बाजू चिठ्ठीने ठरवा, आवडीने नाही. स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला लागणं हाच यातला अर्धा अभ्यास आहे.

वाणिज्य आणि गणिताची तयार उदाहरणं आहेत का?

वाणिज्य: १४ खात्यांचं तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स) द्या आणि त्यात चार चुका पेरा. ४५० ची नावे (डेबिट) बाजूची रक्कम जमा बाजूला (फरक ९००), दुसऱ्या एका खात्यात ४५० च्या जागी ५४० (फरक ९०), एक व्यवहार नोंदायचाच राहिलेला, आणि एकमेकींना झाकणाऱ्या चुकांची एक जोडी. पहिल्या दोन फरक अर्धा करून आणि फरकाला ९ ने भाग जातो का बघून सापडतात. दोन्ही फरक एकाच दिशेने पेरले तर एकूण ९९० दिसतो आणि खुणा पुसल्या जातात, म्हणून आधी एका चुकीचं पत्रक द्या, मग दुसरीचं. त्या सापडल्या की पत्रक जुळतं आणि गट ओरडतो, ‘झालं!’ तेव्हा सांगा की अजून दोन बाकी आहेत. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर नव्हे, हे वाक्य मग कोणाला पाठ करावं लागत नाही.

गणित: नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. प्रत्येक टप्पा नेमका एकदाच वापरून सगळी मेट्रो फिरता येईल का? नाही, कारण चार टोकांची स्थानकं एकेका कडेची, म्हणजे विषम शिरोबिंदू (जिथे विषम संख्येने कडा मिळतात) चार, आणि ते दोनहून जास्त असले की असा प्रवास जमत नाही. पुढचा प्रश्न: फक्त एक नवी जोडणी करायची परवानगी असेल तर कुठे कराल की असा प्रवास शक्य होईल? कोणतीही दोन टोकं जोडली की विषम शिरोबिंदू दोनच उरतात आणि असा प्रवास, म्हणजे ऑयलर मार्ग, मिळतो. कोणती दोन जोडावीत यावर मग वर्ग भांडतो, ते भांडण गणिताचं नसलं तरी चालू द्या.

आमच्याकडे मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांची प्रणाली) आहे. त्यात काय करता येईल?

दोन गोष्टी पुरेत. ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’ने पुढचा घटक आधीच्या चाचणीत ६० टक्के मिळाल्यावरच उघडेल असं ठेवा. आणि चाचणीत अनेक प्रयत्नांची परस्परसंवादी पद्धत निवडा. तिथे दर चुकीला आपोआप एक तृतीयांश कपात होते, ती शून्य करा म्हणजे पुन्हा प्रयत्न करायची भीती राहत नाही. बॅजची सोय २०१३ पासून आहे, पण ज्या बॅजचा अर्थ विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता येत नाही तो देऊ नका.

प्रशिक्षणात ‘खेळाडूंचे चार प्रकार’ शिकवले. विद्यार्थ्यांची तशी विभागणी करावी का?

करू नका. रिचर्ड बार्टल यांनी ते प्रकार १९९६ मध्ये अक्षरांवर चालणारे जुने सामूहिक संगणक-खेळ खेळणाऱ्यांविषयी मांडले होते. ते लोक हौसेने आले होते. आपल्याकडची मुलं ७५ टक्के हजेरीसाठी येतात.

बुजरे विद्यार्थी, भाषेची अडचण?

पहिले तीन आठवडे कोणालाही एकट्याला उभं करू नका, गटाच्या वतीने बोलू द्या. गटात वाद मराठी, हिंदी, वऱ्हाडी कशातही होऊ दे. पारिभाषिक संज्ञा तेवढ्या अभ्यासक्रमाच्या भाषेत लिहून घ्या. रंग ओळखायला अडचण असलेले विद्यार्थी असतात, म्हणून ‘लाल पर्याय, हिरवा पर्याय’ असं म्हणण्याऐवजी क्रमांक सांगा. काहूटमध्ये रंगांसोबत आकृत्याही असतात, त्यांचं नाव घ्या.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार?

दर तासाला खेळ ठेवला तर होणार नाही. आठवड्यातून एक तास द्या, आणि तोही सर्वांत अवघड घटकाला. सोपा भाग विद्यार्थी घरी वाचू शकतात. हिवाळी परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत नवा खेळ सुरू करू नका. नियम समजायलाच एक तास जातो.

उपयोग होतोय हे कसं कळणार?

टाळ्या आणि ‘मजा आली’च्या अभिप्रायावरून नाही. पहिले तीन आठवडे कोणतीही नवी गोष्ट चालते. सातव्या-आठव्या आठवड्यात तीन आकडे बघा: पॉइंट नसलेली ऐच्छिक प्रश्नावली किती जणांनी सोडवली, चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करणारे किती, आणि मागच्या वर्षीच्या चाचणीतले तेच पाच प्रश्न यंदा किती जणांना आले. पहिला आकडा घसरत असेल तर विद्यार्थी पॉइंटसाठी खेळत आहेत, विषयासाठी नाही. पॉइंट कमी करा, कोडी सुधारा. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी फोटो लागतातच, ते काढा, पण फोटोला पुरावा समजू नका.

विद्यार्थ्यांची माहिती अ‍ॅपवर टाकताना काय सांभाळावं?

प्रथम वर्षाला १७ वर्षांचे विद्यार्थी असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक धरलं आहे, आणि तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. सोपा मार्ग म्हणजे माहिती देऊच नये: खरं नाव, फोन, ई-मेल नको, गट क्रमांक आणि टोपणनाव पुरे. टोपणनावांची यादी तुमच्या वहीत. वात्रट टोपणनावं टाळायची असतील तर यादी तुम्हीच द्या. झाडांची किंवा विदर्भातल्या नद्यांची नावं चालतात.

तासिका तत्त्वावर शिकवतो. एवढ्या तयारीचा वेळ कोण देणार?

कोणी नाही, आणि मानधन तासाचंच मिळतं. म्हणून एका सत्रात एकच गोष्ट करा: बोटांच्या मतदानाचे २० चांगले प्रश्न. एका प्रश्नाला, उत्तरपत्रिका चाळण्यासकट, २०-२५ मिनिटं लागतात, म्हणजे एकूण सात-आठ तास. प्रत्येक प्रश्न एका कार्डावर लिहा आणि मागे कोणत्या पर्यायाला किती मतं पडली ते दर वेळी नोंदवत जा. विषय शिकवणारे दोघे-तिघे असाल, अगदी वेगळ्या महाविद्यालयांतले, तर दहा-दहा प्रश्न वाटून घ्या. ही कार्डं स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षी नेमणूक दुसऱ्या महाविद्यालयात झाली तरी ती सोबत नेता येतात.